हिरवा बिल्ड, लाल अहवाल: बिल्डमधील स्वीकृती चाचण्यांचे एक प्रकरण

पतसंस्थांचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या बिल्डमध्ये, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालते सॉफ्टवेअर आपोआप तयार करण्याच्या प्रक्रियेत, स्वयंचलित स्वीकृती चाचण्या रोज चालत होत्या, त्यांपैकी काही रोज नापास होत होत्या, आणि तरीही प्रत्येक बिल्ड यशस्वी म्हणून नोंदवला जात होता. ही स्थिती कशी निर्माण झाली, ती कशी उघडकीस आली आणि ती दुरुस्त करताना आणखी काय काय बाहेर आले, याची ही नोंद आहे. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी पुण्यातील होती आणि ते वापरणाऱ्या नागरी सहकारी पतसंस्था पश्चिम महाराष्ट्रातील होत्या. त्यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण प्रकरण समजण्यासाठी त्यांची गरज पडत नाही. तक्रार आल्यानंतर बिल्डची तपासणी करण्याचे काम माझ्याकडे आले होते.

सॉफ्टवेअर जावामध्ये लिहिलेले होते, त्याचा बिल्ड मेव्हन या साधनाने होत असे आणि तो जेनकिन्स या बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर चालवला जात असे. कोड नोंदवला की जेनकिन्स तो उचलून संकलित करी, युनिट टेस्ट चालवी, वेब अ‍ॅप्लिकेशनचे पॅकेज बांधी, ते जेट्टी सर्व्हरवर चढवी आणि मग त्या चालत्या अ‍ॅप्लिकेशनवर स्वीकृती चाचण्या लावी. युनिट टेस्ट एखादी पद्धत किंवा एखादा वर्ग आपले काम नीट करतो का, एवढेच पाहते. स्वीकृती चाचणीचा प्रश्न निराळा असतो: ज्याला हे सॉफ्टवेअर वापरायचे आहे, त्याने घातलेली अट पूर्ण होते का? त्यामुळे ती लिहिताना प्रोग्रामरला एकट्याने बसून भागत नाही. अट ज्याची आहे तो माणूस समोर असावा लागतो.

या टीमने ती बाजू उत्तम सांभाळली होती, हे आधीच सांगितले पाहिजे. चाचण्या क्युकंबर या साधनात लिहिल्या होत्या. क्युकंबरची उदाहरणे ज्या गर्किन या मांडणीत लिहितात, तिच्यात मराठीचे शब्दही उपलब्ध आहेत. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा संकेत दिला की वाक्ये ‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’, ‘पण’ या शब्दांनी सुरू करता येतात. त्यामुळे पतसंस्थेच्या शाखाधिकारी मॅडम स्वतः ती उदाहरणे वाचत, त्यांत दुरुस्त्या सुचवत आणि काही वेळा कागदावर नवीन उदाहरण लिहून पाठवत. त्यांनीच दिलेले एक उदाहरण, गर्किनच्या भाषेत परिदृश्य, पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे:

परिदृश्य: लीप वर्षातील सोनेतारण कर्जाचे व्याज
जर १० जानेवारी २०२४ रोजी ५०,००० रुपयांचे सोनेतारण कर्ज १२ टक्के दराने दिले असेल
जेव्हा कर्जदार १० फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्ण कर्ज फेडतो
मग व्याज ५१० रुपये आकारले जाते

यामागचा हिशेब सोपा आहे. पन्नास हजारांचे बारा टक्क्यांनी वर्षाचे व्याज ६,००० रुपये होते. कर्ज ३१ दिवस वापरले गेले. ६,००० ला ३१ ने गुणून ३६५ ने भागले की ५०९.५९ येतात आणि जवळच्या रुपयात ते ५१० होतात. मॅडमनी हे उदाहरण मुद्दाम लीप वर्षाचे निवडले होते, कारण त्यांच्या संचालक मंडळाच्या ठरावानुसार दिवस प्रत्यक्ष मोजायचे होते आणि भाजक मात्र लीप वर्षातही ३६५ च ठेवायचा होता. हा ठराव कोणत्याही प्रोग्रामरला आपोआप सुचणार नाही, आणि म्हणूनच तो उदाहरणात असणे आवश्यक होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मॅडमचा फोन आला. एका कर्जदाराने कर्ज फेडले तेव्हा पावतीवर ५०८ रुपये व्याज छापून आले होते. ‘माझ्या कॅल्क्युलेटरवर पाचशे दहा येतात, सर. दोन रुपयांचा प्रश्न नाही, पण हे उदाहरण तर मीच तुम्हाला लिहून दिलं होतं,’ असे त्या टीमप्रमुखांना म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातील दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा फार गंभीर होते. दोन रुपये चुकणे हा गणिताचा दोष झाला. पण आधी लिहून दिलेली, स्वयंचलित केलेली, रोज चालणारी चाचणी असताना चूक काउंटरपर्यंत पोहोचते, तेव्हा दोष त्या चाचणीच्या वाटेत कुठेतरी असतो.

५०८ कुठून आले हे पाच मिनिटांत समजले. ६,००० गुणिले ३१ भागिले ३६६ केले की ५०८.२० येतात. व्याजाच्या कोडची पुनर्रचना करताना कोणीतरी ३६५ हा थेट लिहिलेला आकडा काढून तिथे त्या वर्षाचे खरे दिवस देणारी जावाची तयार पद्धत वापरली होती. बदल दिसायला नीटनेटका होता आणि तपासणाऱ्या सहकाऱ्यानेही तो मान्य केला होता, कारण कोडमध्ये उघडा आकडा असू नये हे सगळ्यांनाच मान्य असते. २०२३ साल असेपर्यंत त्याचा परिणाम शून्य होता. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक कर्जाचे व्याज थोडे कमी पडू लागले. पन्नास हजारांवर फरक दोनच रुपयांचा दिसतो, पण तीन लाखांच्या कर्जावर १० जानेवारी ते ३१ मार्च या ८१ दिवसांत तो ७,९८९ आणि ७,९६७, म्हणजे २२ रुपये होतो, आणि पतसंस्थेच्या खतावणीत अशी शेकड्यांनी खाती असतात.

तेव्हा खरा प्रश्न होता तो असा की मॅडमचे उदाहरण नापास कसे झाले नाही. मी जेनकिन्सवरील शेवटचा बिल्ड उघडला. तो यशस्वी होता आणि त्याच्या पानावरील चाचण्यांच्या आलेखात एकही लाल पट्टी नव्हती. मग त्याच बिल्डच्या कामाच्या फोल्डरमध्ये गेलो. मेव्हन आपले सगळे उत्पादन ‘टार्गेट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. तिथे ‘शुअरफायर-रिपोर्ट्स’ आणि ‘फेलसेफ-रिपोर्ट्स’ असे दोन उपफोल्डर होते. दुसऱ्यात ‘फेलसेफ-समरी’ नावाची छोटी एक्सएमएल फाइल होती. तिच्यात किती चाचण्या पूर्ण झाल्या, किती चुकांमुळे थांबल्या, किती नापास झाल्या आणि किती वगळल्या अशी माहिती असते. नापास झालेल्यांचा आकडा शून्य नव्हता. त्याच फोल्डरमधील सविस्तर अहवालात मॅडमचे परिदृश्य मराठीत जसेच्या तसे लिहिलेले होते आणि त्याखाली नोंद होती: अपेक्षित ५१०, मिळाले ५०८. चाचणीने आपले काम चोख केले होते. तिने लिहिलेले कोणी वाचलेच नव्हते, आणि वाचण्याची जबाबदारी ज्या यंत्रावर टाकली होती त्याला ते वाचायला कोणी सांगितलेच नव्हते.

इथे मेव्हनची रचना थोडी खोलात जाऊन पाहावी लागेल, कारण सगळी गोम तिच्यात आहे आणि मी इतर ठिकाणीही हीच चूक पाहिली आहे. मेव्हनचा बिल्ड ठरलेल्या टप्प्यांनी पुढे सरकतो. पॅकेज बांधून झाल्यावर ‘प्री-इंटिग्रेशन-टेस्ट’, ‘इंटिग्रेशन-टेस्ट’, ‘पोस्ट-इंटिग्रेशन-टेस्ट’ आणि ‘व्हेरिफाय’ हे चार टप्पे येतात. टप्पा स्वतः काहीच करत नाही; त्याला एखाद्या प्लगइनचे, म्हणजे मेव्हनला जोडायच्या छोट्या साधनाचे, काम जोडले तरच तिथे काही घडते, आणि अशा कामाला गोल म्हणतात. सर्व्हर सुरू करण्याचा गोल पहिल्या टप्प्याला, चाचण्या चालवण्याचा दुसऱ्याला आणि सर्व्हर बंद करण्याचा तिसऱ्याला जोडतात.

युनिट टेस्ट चालवणारे शुअरफायर हे प्लगइन एखादी चाचणी नापास झाली तर बिल्ड त्याच टप्प्यावर थांबवते. युनिट टेस्टसाठी हे योग्य आहे. पण सर्व्हर सुरू करून चालवायच्या चाचण्यांसाठी ते घातक ठरते, कारण दुसऱ्या टप्प्यावर बिल्ड थांबला तर तिसरा टप्पा येतच नाही, सर्व्हर बंद होत नाही आणि पुढच्या बिल्डला तेच पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी बोलण्याचे ठरलेल्या क्रमांकाचे दार, अडवलेले सापडते. या अडचणीवर उपाय म्हणून फेलसेफ हे प्लगइन आहे. ते आपले काम दोन गोलांत विभागते. त्याचा ‘इंटिग्रेशन-टेस्ट’ हा गोल चाचण्या चालवतो आणि निकाल फक्त त्या समरी फाइलमध्ये लिहून ठेवतो. काही नापास झाले तरी तो बिल्ड थांबवत नाही, म्हणून सर्व्हर नीट बंद होऊ शकतो. त्यानंतर त्याचा ‘व्हेरिफाय’ हा दुसरा गोल ती फाइल वाचतो आणि तिच्यात नापास चाचणी असेल तर बिल्ड अपयशी ठरवतो. पहिला गोल साक्ष नोंदवतो आणि दुसरा निकाल देतो.

या टीमच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेव्हनला बिल्डच्या सूचना देणाऱ्या फाइलमध्ये, फेलसेफचा पहिला गोल जोडलेला होता, दुसरा नव्हता.

असे का झाले याचा माग कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात स्पष्ट दिसत होता. सुरुवातीला स्वीकृती चाचण्याही शुअरफायरनेच चालत होत्या. एखादी नापास झाली की जेट्टी तसाच चालू राही आणि पुढचा बिल्ड ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून कोसळे. त्या काळातील नोंदींमध्ये ‘पोर्ट ८०८० मोकळे केले’ अशा अर्थाचे शेरे वारंवार आढळतात. कोणीतरी जेनकिन्सच्या मशिनवर जाऊन हाताने ती प्रोसेस मारत असे. नंतर एका सहकाऱ्याने फेलसेफ आणले आणि पोर्टची कटकट त्या दिवसापासून संपली. बदलाचा हेतू पोर्ट मोकळे करण्याचा होता आणि तो पूर्ण झाला होता, म्हणून त्यापुढे कोणी पाहिले नाही. दुसरा गोल राहून गेला तो एका साध्या समजुतीमुळे. जेनकिन्समध्ये बिल्डची आज्ञा ‘एमव्हीएन व्हेरिफाय’ अशी होती, आणि ‘व्हेरिफाय’ हे नाव टप्प्याचेही आहे आणि फेलसेफच्या गोलाचेही. आज्ञेत व्हेरिफाय आहे म्हणजे पडताळणी होतेच, असे सगळ्यांनी धरले. प्रत्यक्षात बिल्ड व्हेरिफाय टप्प्यापर्यंत जात होता आणि तिथे त्याला करण्यासारखे काहीच जोडलेले नव्हते.

एवढी एक चूक असती तर ती जेनकिन्सच्या पानावर तरी दिसली असती. तिथे दुसरी फट होती. चाचण्यांचे अहवाल गोळा करण्यासाठी जेनकिन्सला फोल्डरचा नमुना द्यावा लागतो, आणि तो शुअरफायरच्या काळात लिहिला गेल्यामुळे त्यात ‘शुअरफायर-रिपोर्ट्स’ एवढेच होते. चाचण्या नव्या घरी राहायला गेल्या आणि जेनकिन्स जुन्या पत्त्यावरच पत्रे आणायला जात राहिला. फेलसेफचा फोल्डर त्या नमुन्यात असता तर बिल्ड किमान पिवळा, म्हणजे अस्थिर, दिसला असता. या दोन फटींपैकी कोणतीही एक बुजलेली असती तर फेब्रुवारीतील तो फोन आला नसता.

व्याजाचा दोष नेमका कोणत्या बदलाने आला हे शोधण्यासाठी आम्ही गिटची बायसेक्ट ही सोय वापरली. ती कोडच्या एका चांगल्या आणि एका वाईट नोंदीच्या मधोमध जाऊन बिल्ड चालवते आणि त्याच्या निर्गम संकेतावरून, म्हणजे आज्ञा संपताना मिळणाऱ्या शून्य किंवा अशून्य आकड्यावरून, पुढे कुठे शोधायचे ते ठरवते. जुन्या प्रत्येक नोंदीवर आम्हाला आधी दुरुस्त केलेली पॉम फाइल टाकावी लागली, कारण तिच्याशिवाय चाचणी नापास होऊनही आज्ञा शून्यच परत करत होती. जेनकिन्स, बायसेक्ट, तैनातीच्या स्क्रिप्ट ही सगळी साखळी त्या एका आकड्यावर विसंबून असते. अहवाल कितीही सुंदर असो, तो आकडा चुकीचा आला की पुढच्या प्रत्येक कडीला खोटी माहिती जाते.

दुसरा गोल जोडला त्या क्षणी बिल्ड लाल झाला. हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते नापास परिदृश्यांचे स्वरूप. टीममध्ये पहिला सूर असा होता की या चाचण्या जुन्या झाल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच उगाच नापास होतात, तेव्हा वर्षअखेरीची आवृत्ती जाईपर्यंत नापास चाचण्यांकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय पॉममध्ये चालू करावा. फेलसेफमध्ये तसा पर्याय आहे. प्रकल्प व्यवस्थापकांची अडचण खरी होती: ३१ मार्च जवळ येत होता आणि पतसंस्थांना लेखापरीक्षणाचे तक्ते वेळेवर हवे होते. तरीही तो पर्याय चालू करणे म्हणजे काढलेला दोष पुन्हा स्वखुशीने आत घेणे ठरले असते, आणि यावेळी तो अजाणता झाला असे म्हणण्याची सोयही राहिली नसती. शेवटी ठरले ते असे: प्रत्येक नापास परिदृश्य टीममधील एका प्रोग्रामरने आणि पतसंस्थेच्या एका व्यक्तीने मिळून पाहायचे, आणि ते पाहिल्याशिवाय कोणत्याही चाचणीला हात लावायचा नाही. वगळायचेच असेल तर त्या परिदृश्यावर ‘विलगीकरण’ हा टॅग, कारण आणि परत आणण्याची तारीख लिहायची. ती तारीख उलटली की बिल्ड अपयशी व्हावा, अशी छोटी तपासणीही जोडली.

काही परिदृश्ये खरोखर जुनी निघाली. पिग्मी ठेव मुदतीआधी बंद केल्यास होणाऱ्या कपातीचा नियम संचालक मंडळाने बदलला होता, कोड त्याप्रमाणे बदलला होता आणि उदाहरण तसेच राहिले होते. बिल्ड लाल झाला असता तर उदाहरण त्याच दिवशी बदलले गेले असते. नापास चाचणीचा कोणालाच त्रास होत नसेल, तर तिची देखभाल करायला कोणी जात नाही. ती कुजते, आणि मग ती कुजलेली आहे हेच तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण बनते. हे चक्र मला या प्रकरणातील सर्वांत हानिकारक भाग वाटतो, कारण त्यात चांगल्या चाचण्याही कुजलेल्यांच्या सोबतीने बदनाम होतात. मॅडमचे उदाहरण असेच बदनाम झालेल्या ढिगात पडून होते.

दुसरा गट ‘लहरी’ चाचण्यांचा होता. त्या कधी पास होत, कधी नापास. बहुतेकांचे कारण नेहमीचेच निघाले. पान उघडण्यासाठी ठरावीक सेकंद थांबण्याची आज्ञा लिहिलेली होती. मशिनवर ताण असला की तेवढा वेळ पुरत नसे. तिथे हवा तो घटक दिसेपर्यंत थांबण्याची, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियम या साधनाची पद्धत वापरली. सगळ्या चाचण्या एकच डेटाबेस वापरत होत्या, त्यामुळे एकीने उघडलेले खाते दुसरीच्या बेरजेत येई. तिथे प्रत्येक बिल्डसाठी नवा, कोरा डेटाबेस उभा केला. पोर्टही बिल्ड सुरू होताना मोकळे असेल ते घेतले जाऊ लागले, त्यामुळे एकाच मशिनवर दोन बिल्ड शेजारी चालवता आले.

पण एक लहरी चाचणी लहरी नव्हतीच. ‘आज कर्ज दिले आणि उद्या फेडले तर एका दिवसाचे व्याज लागते’ असे ते परिदृश्य दिवसा प्रत्येक वेळी पास होई आणि रात्रीच्या बिल्डमध्ये प्रत्येक वेळी नापास होई. रात्रीचा बिल्ड दोन वाजता चाले. अ‍ॅप्लिकेशनचा सर्व्हर आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर लावलेला होता आणि डेटाबेस भारतीय प्रमाणवेळेवर. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असते, म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळात दोघांच्या तारखा वेगळ्या असतात. रात्री दोन वाजता डेटाबेसच्या दृष्टीने १५ तारीख लागलेली असे आणि जावाच्या दृष्टीने अजून १४ च चालू असे. कर्जाची तारीख डेटाबेस घाली, म्हणजे १५. ‘उद्या’ मात्र जावा मोजी, म्हणजे तीही १५. मधले दिवस शून्य आणि व्याजही शून्य. पहाटे साडेपाचनंतर दोन्ही तारखा एक होत आणि चाचणी पुन्हा शहाण्यासारखी वागे.

टीममध्ये या चाचणीचा ‘रात्री चालते ना, म्हणून’ असा निकाल आधीच लागलेला होता. हे परिदृश्य मॅडमना दाखवले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, ‘मग ३१ मार्चच्या रात्री आम्ही काय करायचं?’ वर्षअखेरीला पतसंस्थेचे काम मध्यरात्र ओलांडते, हे त्यांना सांगावे लागले नाही; सांगावे लागले ते आम्हाला. प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरही त्याच वेळेवर लावलेले होते. म्हणजे १ एप्रिलच्या पहाटे झालेल्या नोंदीवर दोन वेगवेगळ्या आर्थिक वर्षांच्या तारखा पडू शकल्या असत्या. ज्या चाचणीला सगळे लहरी म्हणत होते ती वर्षअखेरीचा धोका रोज रात्री सांगत होती.

नुसती वेळ जुळवून हे सुटले नसते. पतसंस्थेत तारीख घड्याळावर चालत नाही. शाखाधिकारी दिवस उघडतात आणि बंद करतात, आणि दिवस बंद होईपर्यंत सगळ्या नोंदी त्या कामकाजाच्या तारखेलाच पडतात, बाहेर मध्यरात्र उलटली असली तरी. म्हणून व्याजाच्या कोडमधून यंत्राच्या घड्याळाला विचारणे पूर्ण काढून टाकले आणि तिथे कामकाजाची तारीख बाहेरून दिली. परिदृश्यांच्या सुरुवातीला ‘जर कामकाजाची तारीख ३१ मार्च २०२४ असेल’ अशी ओळ आली. या एका बदलाने चाचण्या स्थिरही झाल्या आणि पतसंस्थेच्या व्यवहाराशी अधिक प्रामाणिकही झाल्या. अनुभवाने मला असे वाटते की चाचणी अस्थिर असेल तेव्हा बऱ्याचदा कोडने व्यवहारातील एखादी संकल्पना वगळलेली असते आणि तिची जागा यंत्राच्या सोयीने भरलेली असते.

बिल्डला लागणाऱ्या वेळेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. व्याज, दंड आणि कपात यांची परिदृश्ये ब्राउझरमधून चालवण्याची काहीच गरज नव्हती. ती ब्राउझरच्या मागे हिशेब करणाऱ्या सेवेच्या थराला थेट विचारू लागली आणि काही क्षणांत संपू लागली. ब्राउझरमधून चालतील अशी मोजकीच परिदृश्ये ठेवली: खाते उघडणे, रोख भरणा, कर्जफेड, दिवस बंद करणे. प्रोग्रामर आपल्या मशिनवर घाईत असेल तर फक्त फेलसेफच्या चाचण्या वगळण्याचा पर्याय वापरू शकतो. जेनकिन्सवर तो पर्याय कधीही द्यायचा नाही असे ठरले, आणि स्वीकृती चाचण्यांतून पार न झालेले पॅकेज तैनातीच्या साठ्यात जाणारच नाही अशी व्यवस्था झाली. मेव्हनमध्ये इन्स्टॉल आणि डिप्लॉय हे टप्पे व्हेरिफायच्या नंतर येतात, त्यामुळे त्यासाठी वेगळे काही बांधावे लागले नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची भर एका लहानशा जॉबची, म्हणजे जेनकिन्सवर ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची, होती. दर आठवड्याला तो जेनकिन्सवर तोच बिल्ड एका जास्तीच्या परिदृश्यासह चालवतो, आणि ते परिदृश्य मुद्दाम खोटे आहे: ५०,००० रुपयांवर ३१ दिवसांचे व्याज ५०८ रुपये आकारले जाते, असे ते म्हणते. हा बिल्ड अपयशी झाला तर जॉब यशस्वी, आणि बिल्ड यशस्वी झाला तर जॉब अपयशी. पॉममधील एखादी ओळ पुन्हा गळाली, प्लगइनची आवृत्ती बदलताना एखादा गोल सुटला, किंवा कोणी दुर्लक्षाचा पर्याय चालू केला, तर हा जॉब ते आठवड्याच्या आत सांगतो. बिल्डचे दार अडवते की नाही हे पाहण्यासाठी त्यावर मुद्दाम काहीतरी आदळून पाहावे लागते. पॉम फाइल वाचून ते कळत नाही, आणि या टीमने ती फाइल अनेकदा वाचली होती.

कमी आकारलेल्या व्याजाचे काय करायचे हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नव्हता. चालू कर्जांवर दुरुस्त हिशेब लागू झाला. बंद झालेल्या खात्यांवर फरक पुन्हा मागायचा नाही असा निर्णय संचालक मंडळाने घेतला आणि त्या खात्यांची यादी लेखापरीक्षकांना द्यायला सांगितली. ती यादी काढण्यासाठी लिहिलेली डेटाबेसची क्वेरी पुढे कायमच्या तक्त्यांमध्ये सामील झाली.

चाचण्यांची व्याप्तीही यानंतर बदलली. आधी नवीन उदाहरणे प्रोग्रामर मागत तेव्हाच येत. आता संचालक मंडळाचा व्याज, दंड किंवा मुदतीसंबंधी ठराव झाला की मॅडम त्याच्या खाली एक हिशेब करून पाठवतात आणि तो हिशेब परिदृश्य म्हणून कोडच्या आधी बिल्डमध्ये येतो, तेव्हा तो नापास होतो आणि कोड लिहून झाल्यावर पास होतो. जेनकिन्सचा स्वीकृती अहवाल त्यांना दर सोमवारी जातो. मराठीत असल्याने तो त्या पूर्ण वाचतात, आणि एकदा त्यांनी पास झालेल्या परिदृश्यातही चूक दाखवून दिली: मुदत ठेवीच्या उदाहरणात मुदत संपण्याची तारीख रविवारी येत होती आणि त्या दिवशी शाखा बंद असते, हे उदाहरणात कुठेच धरले नव्हते.

काही गोष्टी मात्र बिल्डबाहेरच ठेवल्या. पासबुकाची छपाई ही त्यांतील मुख्य. छापील ओळ पासबुकातील रेघेवर बसते का, देवनागरी नावातील जोडाक्षरे त्या जुन्या प्रिंटरवर नीट उमटतात का आणि पान उलटताना शिल्लक योग्य रकान्यात जाते का, हे प्रत्येक आवृत्तीच्या वेळी शाखेतील लिपिक खऱ्या पासबुकावर छापून पाहतात आणि त्यांची सही असलेला तपासणीचा कागद आल्यावरच आवृत्ती इतर शाखांना दिली जाते.